पंचवीसच्या जागी चोवीस

१

"माझे आकडे जुळले नाहीत तर खुशाल हसा," मोजणीकाका म्हणाले होते. "पण ज्या दिवशी ते सगळेच्या सगळे जुळायला लागतील ना पोरी, त्या दिवशी माझ्या घरी येऊन बघ."

मी हसले. मला तेव्हा सातवा महिना होता, त्यांच्या इमारतीची लिफ्ट नेहमीसारखी बंद होती, आणि पाच मजले चढून आलेल्या बाईला कुणीही काहीही सांगितलं तरी ती आधी पाणी मागते. मी पाणी प्याले, हसले आणि विसरले.

ते वाक्य मला परत आठवलं ते एका बुधवारी, सकाळी दहा वाजता. माझी चिमणी आठ महिन्यांची झाली होती आणि पहिल्या दाताच्या तापानंतर एकदाची झोपली होती. मी एका हाताने तिच्या छातीचं वरखाली होणं बघत होते आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर खेळत होते.

खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. त्याचं नाव 'राखेचं राज्य'. एकदा आपली पाळी, एकदा समोरच्याची. भालाईत, अग्निपक्षी, पाषाणराक्षस असं सैन्य. दिवसाला बारा हल्ले करता येतात, जास्त नाही. हल्ला केला की शत्रूचं नुकसान किती झालं तो आकडा पडद्यावर चमकतो. तो आकडा कसा निघतो, ते खेळ बनवणारे सांगत नाहीत. दीड वर्ष आम्ही चौघं त्याच्याच मागे होतो. लोक शब्दकोडी सोडवतात, आम्ही हे करायचो.

चौघं म्हणजे मी, ग्रंथपाल बाई, कंपाउंडर आणि मोजणीकाका. काका निवृत्त भूमापक, बहात्तर वर्षांचे, एकटे राहणारे. ग्रंथालयात बाईंच्या टेबलावर आमची ओळख झाली. प्रत्येकाने आपले हल्ले एका सामाईक तक्त्यात लिहायचे: हल्ल्याचं बळ, शत्रूचं चिलखत, जमीन कसली, नुकसान किती. त्यातून सूत्र काढलं बाईंनी. हल्ल्याच्या बळातून चिलखताचं अर्धं वजा करा. शत्रू टेकडीवर असेल तर उरेल त्याचं पाऊणपट करा. शेवटी अपूर्णांक सोडून द्या. शेकड्यात नव्वदहून जास्त नोंदी बरोबर. जी नोंद जुळणार नाही ती 'संशयित' नावाच्या रकान्यात टाकायची आणि मोजायची नाही. आता लिहिताना हसू येतं. जुळत नाही ते बाजूला काढलं तर उरलेलं जुळणारच.

त्या सकाळी माझं बळ एकोणपन्नास होतं. शत्रूचं चिलखत एकतीस, आणि तो टेकडीवर उभा. मी सहसा टेकडीच्या वाटेला जात नाही, नुकसान कमी होतं. एकतीसचं अर्धं साडेपंधरा. एकोणपन्नासातून गेले, उरले साडेतेहतीस. त्याचं पाऊणपट पंचवीस आणि वर थोडं. म्हणजे पंचवीस.

पडद्यावर चमकले चोवीस.

२

मी डोळे चोळले. चोवीसच.

मग मी असं काहीतरी केलं जे दीड वर्षात आमच्यापैकी कुणी केलं नव्हतं. 'संशयित' रकाना उघडून वरपासून खालपर्यंत वाचला. गेल्या तीन आठवड्यांच्याच एक्केचाळीस नोंदी. त्यातल्या एकोणतीस मोजणीकाकांच्या. आम्ही त्यांना 'चष्म्याचे आकडे' म्हणायचो. काकांचा चष्मा जुना, त्यांना दिसलं काय आणि त्यांनी लिहिलं काय, असं. काका चिडत नसत. एवढंच म्हणत, "मी पाहिलं तेच लिहिलं. जमीन नकाशासारखी नसेल तर नकाशा खोडायचा, जमीन नाही."

एकोणतीसच्या एकोणतीस नोंदींत शत्रू टेकडीवर होता. चिलखत विषम होतं. आणि प्रत्येक ठिकाणी काकांचा आकडा सूत्रापेक्षा बरोबर एकने कमी होता.

चुका अशा एका रांगेत उभ्या राहत नाहीत. संख्याशास्त्र शिकलेल्या मला तरी हे आधी कळायला हवं होतं.

खेळ अपूर्णांक शेवटी सोडत नव्हता. वजाबाकी झाल्यावर लगेच एकदा सोडत होता आणि शेवटी पुन्हा एकदा. साडेतेहतीसचे आधी तेहतीस. तेहतीसचं पाऊणपट पावणेपंचवीस. त्याचे चोवीस. टेकडी आणि विषम चिलखत असेल तेव्हाच, आणि तेही चारातून एकदा, हा फरक दिसतो. बाकी वेळ दोन्ही वाटा एकाच आकड्याला पोचतात. आम्हा तिघांना तो दिसला नाही, कारण आम्ही सपाटीवर लढायचो. काका जन्मभर टेकड्याच मोजत आलेले.

काका दीड वर्ष बरोबर होते. मला इतका आनंद झाला की चिमणी झोपलीय हे विसरून मी जवळजवळ टाळी वाजवणार होते. त्यांना फोन लावायच्या आधी त्यांच्या ताज्या नोंदीही तपासाव्यात, अजून दोनचार 'चष्म्याचे आकडे' सापडतील, असं वाटलं.

रविवार, सोमवार, मंगळवार, आजचा बुधवार. रोज बारा ओळी. अठ्ठेचाळीस हल्ले, सगळे टेकडीवर. त्यांतल्या सहा ठिकाणी आकडा एकने कमी यायला हवा होता.

एकाही ठिकाणी आला नव्हता. अठ्ठेचाळीसही आकडे आमच्या सूत्राप्रमाणे अचूक होते. आमच्या चुकलेल्या सूत्राप्रमाणे.

खेळाने हे आकडे दाखवलेच नव्हते. कुणीतरी कागदावर सूत्र मांडून ते काढले होते आणि काकांच्या नावावर लिहिले होते.

३

काकांचा फोन बंद होता. तो पुष्कळदा असतो, असं मी स्वतःला सांगितलं.

नवऱ्याला कामावर फोन केला. तो म्हणाला, तू दर दोन दिवसांनी कुणालातरी मारतेस, मागच्या आठवड्यात मी पुलावरून पडलो होतो, आठवतंय ना. हे खरं होतं. बाळ झाल्यापासून माझ्या डोक्यात सतत कुणीतरी पडत असतं, बुडत असतं, गुदमरत असतं. म्हणूनच मी ठरवलं की या वेळी घाबरायचं नाही. आधी विचार करायचा, मग घाबरायचं.

काकांच्या रकान्यात लिहू शकणारी माणसं चार. स्वतः काका. बाई, कारण तक्ता त्यांचा. कंपाउंडर, कारण काका मोबाइलवर टाइप करत नसत. "ती चौकट माझ्या बोटापेक्षा लहान आहे," म्हणत ते मोजणीच्या वहीत पेन्सिलीने लिहायचे, आणि समोरच्या औषधाच्या दुकानातला कंपाउंडर रोज सकाळी वर जाऊन ती वही बघून तक्त्यात उतरवायचा. आणि चौथी काकांची लेक. ती दुसऱ्या गावी असते. काकांचं खातं तिनेच उघडून दिलेलं.

नोंदींच्या वेळा बघितल्या. शनिवारपर्यंत काकांच्या ओळी नऊ ते सव्वानऊच्या दरम्यान येत. एक, मग मिनिटभराने दुसरी, मधेच पाच मिनिटांचा खंड, बहुतेक काका काहीतरी सांगत बसलेले. रविवारपासून बाराच्या बारा ओळी ठीक नऊला. तक्त्यात अशी सोय आहे: नोंदीला हवी ती तारीखवेळ देता येते, आणि पुढची देऊन ठेवली की ती त्या वेळी आपोआप उमटते. बाईंनी रजेवर जाताना स्वतःसाठी केली होती.

ही एकसारखी वेळ माझ्या ओळखीची होती, कारण असला तक्ता मी स्वतः भरला आहे. दवाखान्यातल्या नर्सने चिमणीच्या दुधाच्या वेळा लिहायला सांगितल्या होत्या. दोन दिवस मला इतकी झोप लागली की काही लिहिलंच नाही, आणि नंतर अंदाजाने भरलं. सहा, नऊ, बारा, तीन. नर्सने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाळ घड्याळ बघून पितं वाटतं." मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला.

खोट्या नोंदी नेहमी अशाच नीटनेटक्या असतात. आणि माणूस त्या तेव्हाच भरतो, जेव्हा खऱ्या वेळी तो तिथे नसतो.

४

बाईंना ग्रंथालयात फोन लावला. त्यांच्यावर संशय घ्यायला कारण होतं. सूत्र त्यांच्या नावाने खेळाडूंच्या एका मासिकात छापून आलं होतं, आणि काकांचे आकडे त्यावर डाग होते. चार दिवस काका अचूक निघाले तर सगळ्यात जास्त समाधान कुणाला?

मी आडून विचारलं की काकांच्या नोंदी हल्ली सुधारल्यात ना. त्या म्हणाल्या, त्यांनी बघितल्याच नाहीत. महिनाभर टेकडीच्या सगळ्या नोंदी त्यांनी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या.

"मलाच माझं सूत्र खटकतंय गं," आवाज खाली आणून त्या म्हणाल्या. "टेकडीवर काहीतरी गडबड आहे. कुणाला बोलू नकोस, छापून आलंय ते."

मी फोन ठेवला. ज्या बाईला टेकडीचा संशय आहे, ती खोट्या नोंदी करायला बसली तर टेकडी कशाला निवडेल? सपाटीवर लढेल. हे आकडे अशा माणसाने केले होते ज्याचा सूत्रावर डोळे मिटून विश्वास होता, पण काका टेकडीच निवडतात हेही ज्याला ठाऊक होतं.

लेकीचा नंबर बाईंकडूनच घेतला होता. तिचा आवाज सावध होता. मी बोलता बोलता चिलखताचा उल्लेख केला, तर तिने विचारलं, कसलं चिलखत. तिला खेळातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तक्त्यात कोण कधी आलं ते दिसतं, मग तुम्ही तो रोज कशासाठी उघडता, असं मी विचारलं. 

"बाबा आणि मी बोलत नाही," ती म्हणाली. "वर्ष झालं. माझ्याकडे राहायला चला म्हटलं, त्यावरून. रोज सव्वानऊला मी तो तक्ता उघडते. बारा ओळी दिसल्या की बाबा ठीक आहेत. मग मी कामाला जाते. आजही दिसल्या. का हो?"

काही नाही, सहज, असं मी म्हटलं. 

काकांचा स्वतःचा विचारही करून झाला होता. नजर गेली असेल, कुणाला कळू नये म्हणून मनानेच आकडे रचत असतील. पण सूत्र टेकडीवर चुकतं हे जगात सगळ्यात पक्कं ठाऊक असलेला माणूस तो. आणि त्यांनीच तर मला सांगून ठेवलं होतं.

उरला कंपाउंडर. मी दुकानात फोन केला. त्याचा आवाज नेहमीसारखा मऊ. चिमणीचा दात आला का विचारलं, थेंब किती द्यायचे ते सांगितलं. मी म्हटलं, काकांचा फोन लागत नाहीये.

"काका झकास आहेत ताई," तो म्हणाला. "काल सकाळीच गेलो होतो ना वही घ्यायला. अग्निपक्षी घेऊन लढत बसले होते. खुशीत होते एकदम."

मी बरं म्हणून फोन ठेवला आणि चिमणीला उचललं. ती झोपेतच होती. तिला पोटाशी बांधलं, चपला शोधल्या, दार ओढलं.

काल, मंगळवारी, खेळ बंद होता. काही न सांगता दुरुस्तीसाठी पहाटेपासून आज पहाटेपर्यंत. मला माहीत होतं, कारण तापलेल्या पोरीला मांडीवर घेऊन मी दिवसभर तो उघडायचा प्रयत्न करत होते. काल सकाळी जगात कुणीही अग्निपक्षी घेऊन लढत नव्हतं. काकांच्या मंगळवारच्या बारा ओळी वाचतानाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

५

औषधाचं दुकान वीस मिनिटांच्या अंतरावर. चालता चालता मी शनिवारची बारा ओळींची यादी उघडली. सातवी ओळ: टेकडी, चिलखत सत्तावीस, आकडा सूत्रापेक्षा एकने कमी. चष्म्याचा आकडा. म्हणजे शनिवारी सकाळी ती वही खरी होती आणि पेन्सिल धरणारा हात काकांचा होता. त्यानंतर काही नाही. शनिवारची सकाळ ते बुधवारची सकाळ. चार दिवस.

कंपाउंडर काउंटरमागे कात्रीने गोळ्यांची पट्टी कापत होता. चाळिशीचा, डाव्या पायाने जरा लंगडणारा, दुकानाच्या मागच्या खोलीत एकटा राहणारा. मला बघून हसला. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी थांबले.

"काल खेळ बंद होता," मी म्हटलं.

त्याला आधी समजलं नाही. मग कात्री खाली ठेवली. तिचा आवाज होऊ नये याची काळजी घेऊन ठेवली, ते मला अजून दिसतं.

तो जे बोलला ते तुटक होतं. मी सलग लिहिते. लिफ्ट महिनाभर बंद, त्याचा गुडघा दुखतो, काका एकदा बोलायला लागले की तासभर सोडत नाहीत. तरी तो रोज जात होता. रविवारी गेला, बेल वाजवली. दार उघडलं नाही. अंघोळीला बसले असतील असं वाटलं. आतून नळाचा आवाज येत होता. पाच मिनिटं उभा राहिला आणि खाली आला. पुन्हा चढण्यापेक्षा एका दिवसाच्या बारा ओळी सूत्राने काढून टाकल्या तर कुणाचं काय बिघडणार? आकडे तसेही जुळतातच.

सोमवारी पुन्हा गेला. बेल वाजवली. नळाचा आवाज अजून येत होता.

"तेव्हा कळलं तुम्हाला," मी म्हटलं.

"तेव्हा कळलं," तो म्हणाला. "आणि मी खाली आलो. ताई, मी दारात उभा राहून दहा मिनिटं तो नळ ऐकला आणि खाली आलो. आठवडाभराच्या ओळी एकदम करून ठेवल्या. मला वाटलं, आकडे येत राहिले तर... आकडे येतायत तोवर काहीच झालेलं नाही."

मी दार तोडायला कोण मिळेल ते विचारलं. वॉचमन, कुणी सुतार, कुणीही.

त्याने गल्ल्याखालचा खण उघडला आणि आतून एक किल्ली काढून काउंटरवर ठेवली. तिला काकांच्या पेन्सिलीचा तुकडा दोऱ्याने बांधलेला होता.

"ही माझ्याकडेच होती," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

६

पाच मजले. मी पुढे, तो मागे, एक पाय टेकत. चौथ्या मजल्याच्या वळणावर तो भिंतीला धरून थांबला. चेहरा पांढराफटक. पुढे येणं त्याला शक्य नव्हतं हे दिसत होतं.

आणि मला कळलं की मी चिमणीला घेऊन त्या दारातून आत जाऊ शकत नाही. आत काय असेल ते मला माहीत नव्हतं, आणि जे असेल ते बघताना ती माझ्या छातीशी असता कामा नये. खाली ठेवायला जागा नाही. समोरच्या फ्लॅटला कुलूप. त्या जिन्यात दुसरं माणूस एकच होतं, आणि ते चार दिवस एका बंद दाराबद्दल खोटं बोललेलं.

मी तिला सोडवलं आणि त्याच्या हातात दिलं.

"हिला नीट धरा," एवढंच म्हटलं.

त्याने तिला असं धरलं, जसं काचेचं काही धरावं. मी उरलेला मजला चढले. दारापाशी नळ ऐकू आला. बारीक, न थांबणारा.

किल्ली फिरली. आत कोंदट, आंबूस वास. बैठकीच्या टेबलावर वही उघडी, शनिवारच्या पानावर. तिच्यावर पेन्सिल, तिच्यावर चष्मा. मी त्यांना हाक मारली. नळाशिवाय काही नाही. मी न्हाणीघराच्या दाराशी गेले.

काका उंबऱ्यात आडवे पडले होते. एक पाय विचित्र वळलेला, एक हात बादलीच्या कडेवर. बादली नळाखाली भरून वाहत होती, आणि तिच्यातला तांब्या त्यांच्या बोटांना लागत होता. ओठ फुटलेले. डोळे मिटलेले.

मी खाली बसले. जी गोष्ट मी दिवसातून वीस वेळा माझ्या पोरीच्या बाबतीत करते, तीच केली. छातीवर हात ठेवून वाट बघितली. काही नाही. काही नाही. मग हात वर उचलला गेला. खाली गेला.

"काका," मी म्हटलं.

डोळे किलकिले झाले. त्यांनी मला ओळखलं की नाही कोण जाणे. खरखरत्या आवाजात विचारलं, "वार कोणता?"

"बुधवार."

त्यांनी बादलीच्या कडेवर एकेक बोट टेकवून मोजलं.

"मग एक कमी मोजला मी," ते म्हणाले.

ॲम्ब्युलन्सला फोन करून मी जिन्यात आले आणि वरूनच ओरडले की जिवंत आहेत. खालून उत्तर आलं नाही. वळणावर जाऊन बघितलं तर कंपाउंडर पायरीवर बसला होता, चिमणी त्याच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपलेली, आणि तो जराही हलत नव्हता, तिची झोप मोडेल म्हणून. तोंडातून आवाज न काढता तो रडत होता.

"ताई," तो म्हणाला, "हिला झोप लागली."

मी तिला त्याच्याकडून घेतलं. जवळजवळ ओढूनच घेतलं.

७

काका वाचले. मोडलेलं हाड बसवलं, सहा आठवडे पडून राहिले, आता काठी घेऊन चालतात. लेक येऊन त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. दोघं रोज भांडतात असं ती सांगते, आणि सांगताना तिचा आवाज हसरा असतो. सूत्र आता काकांच्या नावाने आहे. दुरुस्ती बाईंनी स्वतः मासिकाला कळवली. सरळ बाई आहेत.

पण मी हे त्यासाठी लिहीत नाहीये.

त्या संध्याकाळी मी आमच्या गटात एक ओळ लिहिली होती. सगळ्यांना दिसेल अशी. 'एका माणसाने गुडघा जपला म्हणून दुसरा चार दिवस नळाचं पाणी पिऊन जगला.' लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. कंपाउंडरने उत्तर दिलं नाही. आठवड्याने दुकानात गेले तेव्हा काउंटरमागे दुसरं कुणी होतं. मालक म्हणाले, त्याला दुसऱ्या गावी काम मिळालं, सामान घेऊन गेला. कुठल्या गावी ते सांगितलं नाही. फोन बंद. चौकीत जाऊन आले. तिथे म्हणाले, सज्ञान माणूस आहे, आपल्या पायाने गेलाय, येईल.

काका प्रत्येक फोनवर त्याचीच चौकशी करतात. "त्याला म्हणावं, ये. वही पडलीय," म्हणतात. "मी तिथे पडलो होतो तेव्हा बेल दोनदा ऐकली. मी हाक मारली, पण आवाज निघेना. दारात कुणीतरी आहे, एवढ्यावर मी अजून एक दिवस काढला, आणि मग आणखी एक. हे त्याला सांग."

त्याला हे कसं सांगू? मी गटात लिहिलं. उत्तर नाही.

पण त्याच्या स्वतःच्या रकान्यात नोंदी येतात. रोज बारा ओळी. त्यामुळे बाई निर्धास्त आहेत, रागावलाय म्हणून बोलत नाही, खेळतोय ना, एवढं पुरे. मीही इतके दिवस तसंच समजत होते. सूत्र आता बरोबर असल्यामुळे आकडे जुळले तरी त्यावरून काही कळत नाही.

परवा वेळा बघितल्या. बाराच्या बारा ओळी, ठीक नऊला. रोज. मागे जात जात बघितलं. तो गेला त्या दिवसापासून रोज.

आणि गेल्या मंगळवारी खेळ पुन्हा दिवसभर बंद होता. बाईंचा रकाना रिकामा, माझा रिकामा. त्याच्या बारा ओळी आल्या होत्या.

आकडे येतायत तोवर काहीच झालेलं नाही, हे त्यानेच मला सांगितलं होतं. आमच्यापैकी कुणी काळजी करू नये, अशी व्यवस्था करून तो गेलाय. किती दिवसांच्या ओळी त्याने आधी भरून ठेवल्यात ते मला दिसत नाही. त्या कधी संपतील तेही नाही.

तुम्ही हे कुठल्या गावात बसून वाचताय, मला माहीत नाही. तुमच्या जवळच्या औषधाच्या दुकानात दोनेक महिन्यांपूर्वी कुणी नवा माणूस लागला असेल. चाळिशीचा, मऊ बोलणारा, डाव्या पायाने लंगडणारा, लहान मुलांच्या दातांची चौकशी करणारा. दुकानात नसेल, तर तो कुठे राहतो ते विचारून घ्या. बहुतेक खोली मागेच असेल. आजच जा. भेटला तर सांगा, काकांनी दोन्ही वेळा बेल ऐकली होती. आणि सांगा की ज्या पोरीला त्याने जिन्यात झोपवलं, तिच्या आईने ती ओळ पुसून टाकलीय.

दार वाजवा. आतून उत्तर आलं नाही, तर जिना उतरू नका.